कोड नव्व्याण्णव

बिश्केकच्या या तिसऱ्या मजल्यावर
मार्च सरत आला तरी रेडिएटर खडखडतोच.
टेबलावर गठ्ठे, सुतळीनं बांधलेले,
एकाला मात्र मेंढीच्या लोकरीचा पिळलेला दोरा.
नारिनकडच्या डोंगरातून आलाय तो.
हुंगला तर अजून धुराचा वास.

माझं काम सोपं. कागदावरची खूण
आकड्यात बसवायची.
'मला शाळेत जायला आवडतं':
पूर्ण सहमत असेल तर पाच, अजिबात नाही तर एक,
आणि कोरंच ठेवलं असेल
तर नव्व्याण्णव.
कीबोर्डवरचा नवाचा आकडा
केव्हाच पुसून गेलाय.

पण पोरं कुठली रकान्यात मावायला.
एकानं 'सहमत' आणि 'असहमत' यांच्या मधोमध,
थेट रेघेवरच, फुली मारलीय.
'काल घरी किती वेळ अभ्यास केला?'
याच्यापुढे एकीनं लिहिलंय:
लाइट गेली. मग वासराला बाटलीनं दूध पाजलं.
ते धरायचं का?

नाव लिहू नका, असं ठळक छापूनही
तेमिरलाननं नाव लिहिलंय, वर एक घोडाही काढलाय.
घरी कोण कोण राहतं?
बाबांच्या चौकोनात खूण, आणि शेजारी बारीक अक्षरात:
मॉस्कोत. पण रविवारी फोनमध्ये.
फोनमधल्या बापाला एक द्यायचा की शून्य?
मार्गदर्शिका उलटीपालटी करून पाहिली.
पान सत्तेचाळीस गप्प.
मी एक दिला. कुणाला सांगितलं नाही.

लोकरीच्या दोऱ्याची गाठ बुधवारी सोडली.
सातवीची एकतीस मुलं.
'माझे शिक्षक माझं ऐकून घेतात': पाच.
पाच.
पाच.
पुढे बोटंच आपोआप पाच दाबू लागली.
मेएरिम माझ्या खांद्यावरून वाकली, म्हणाली,
एवढं एकमत म्हणजे मास्तर डोक्यावर उभा असणार.
गठ्ठा बाद कर.

जेवणाच्या सुट्टीत फोन लावला, जिन्यात उभी राहून.
जोलदोश अगायचा आवाज तुटत तुटत येत होता, मागे वारा.
'मी? नाही हो, मी बाहेर होतो.
तुमचा नियमच होता ना?
शाळेच्या शेगडीसाठी गोवऱ्या रचत होतो.
दार त्यांनीच आतून लावून घेतलं.'
मग बराच वेळ नुसता वारा.
'मागच्या साली असाच कागद आला होता,
आणि महिन्याभरात गणिताच्या बाई गेल्या.
बाळंतपणाला गेल्या हो. पण पोरांनी
दोन्हींची गाठ मारली असेल.'
मी काही बोलले नाही.
'वाईट लिहिलंय का माझ्याबद्दल?' त्यानं विचारलं,
आणि लगेच म्हणाला, नको, सांगू नका.

बंद दाराआड काय बोलणं झालं असेल?
कोण बाकावर चढलं, कोण कुरकुरलं,
एकतिसावं पोर कबूल व्हायला किती वेळ लागला?
आम्ही त्यांचं मत मोजायला गेलो,
त्यांनी माणूस राखला.
आमच्या तक्त्यात याला म्हणतात: दूषित माहिती.

बाद करायच्या आधी एकदा सगळे चाळले.
चारशे सतरा नंबरचा कागद हातात थबकला.
पाचवर गडद गोल आहेच,
पण आधी दोनवर खूण होती,
आणि ती खोडलीय, खोडलीय,
कागदाला भोक पडेपर्यंत.
मुलगा की मुलगी, तेही कळत नाही.
खरं ते लिहिलं असेल आधी,
मग कुणीतरी पाठीत कोपर मारला असेल,
किंवा स्वतःलाच गोवऱ्या रचणारा तो खिडकीतून दिसला असेल.

भोकातून खालच्या पानावरचा प्रश्न दिसतो,
अर्धाच: '…तर ते कुणाला सांगतोस?'
पान उलटून पाहिलं.
पुढे कोरं.

मेएरिम अजून जेवून आलेली नाही.
मी नव्व्याण्णव टाइप करते
आणि रेडिएटरवर हात शेकत बसते.
लोकरीचा दोरा टाकून द्यायचा राहिलाय.